विदर्भातील लहान गावात स्थानिक खाणे कसे शोधावे

यवतमाळ, वाशीम, वर्धा किंवा भंडारा जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी नोकरीनिमित्त राहायला आलेल्या माणसाचा बहुधा असा समज होतो की, बसस्थानकाजवळची दोन-चार हॉटेले सोडली तर येथे खाण्यासारखे काही नाही. येथील उत्तम खाणे पाट्या लावून विकले जात नाही, म्हणून हा समज होतो. ते ठरावीक वेळी, ठरावीक वारी आणि ठरावीक महिन्यात मिळते आणि एरवी ज्या पुऱ्यात, म्हणजे वस्तीत, ते तयार होते तो पुरा अगदी शांत असतो. त्यामुळे शोधाची सुरुवात रस्त्यांपासून न करता वेळेपासून करावी.

पहिले काही दिवस सकाळी लवकर बाहेर पडावे. शाळा, तहसील कार्यालय किंवा मुख्य चौकाजवळच्या हातगाडीवर तर्री पोहे मिळतात. वाफाळत्या पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट, तेलाचा तवंग असलेला पातळ रस्सा आणि वर चिरलेला कांदा व सांभार, म्हणजे कोथिंबीर, असते. एकाच गावातल्या दोन गाड्यांची तर्री सारखी नसते, म्हणून प्रत्येक ठिकाणी एकदा तरी खाऊन पाहावे. तिखटाची सवय नसेल तर तर्री वेगळ्या वाटीत मागावी. त्यात कोणाला वावगे वाटत नाही. उन्हे चढली की गाड्या आवरल्या जातात आणि दुपारभर गाव शांत राहते. चारनंतर पुन्हा कढया चढतात आणि आलूबोंडे, मिरचीची भजी, कचोरी, पाणीपुरी यांच्याभोवती माणसे जमतात. जेथे कढईत थोडेथोडे तळले जाते आणि लोक पुढच्या घाण्यासाठी थांबतात, तेथे आपणही थांबावे. आधीच तळून रचलेल्या ढिगाऱ्यापेक्षा ही दहा मिनिटांची वाट मोलाची ठरते.

जेवणाचा शोध याहून अवघड असतो, कारण येथील खरे जेवण घरात शिजते. या शोधात सर्वांत उपयोगी पडणारी जागा म्हणजे पिठाची चक्की, असे माझे ठाम मत आहे. कोणाकडे ज्वारी दळली जाते, कोण भाकरीचे डबे देते, कोणत्या घरी पाटवड्यांची मागणी नोंदवता येते, याची माहिती चक्कीवर बसलेल्या माणसाला असते. एखाद्याने गहू जाडसर दळायला आणला असेल तर त्याच्याकडे रोडग्यांचा बेत आहे, असे खुशाल समजावे. जाड कणकेचे पदर घालून केलेले हे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून तुपात बुडवतात आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. हा बेत बहुधा शेतात किंवा देवस्थानाजवळ नवस फेडताना असतो आणि त्याला माणसे जितकी जास्त तितका यजमानाला आनंद असतो.

चक्कीनंतर किराणा दुकान आणि महिलांचे बचत गट यांच्याकडे चौकशी करावी. कुरड्या, शेवया, सरगुंडे, तिखट, हळद हे जिन्नस घरून विकणाऱ्या महिला जवळजवळ प्रत्येक गावात असतात आणि त्यांच्यापैकीच कोणी तरी जेवणही करून देते. “काकू, तुमच्याकडे जेवण सांगून मिळते का?” असे सरळ विचारावे. मात्र आदल्या दिवशी सांगावे, माणसे किती ते सांगावे आणि पैसे त्याच वेळी ठरवावेत. काय हवे, असे विचारले गेले तर पनीर किंवा जिरा राइस सांगू नये. त्या घरात ज्या पदार्थावर हात बसला आहे तो मागावा. पाटवडीचा रस्सा, झुणका-भाकर, गोळाभात, कढीगोळे, डाळभाजी, सांभारवडी यांतले काही ना काही त्या घरची खासियत असतेच. गोळाभाताबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. भिजवलेल्या, भरड वाटलेल्या डाळीचे गोळे शिजत्या भातात मुरतात आणि वाढताना त्यावर लसूण-लाल मिरचीचे कडकडीत फोडणीचे तेल ओततात. तो निवल्यावर त्याची चव निम्मी होते, म्हणून डब्यात बांधून न आणता तेथेच बसून खावा.

सावजीच्या पाटीविषयी एक सूचना करावीशी वाटते. सावजी ही मुळात विणकाम करणाऱ्या हलबा कोष्टी समाजाची पाककला असून तिचे मोठे केंद्र नागपूर आहे. महामार्गावरच्या प्रत्येक ढाब्यावर ही पाटी दिसते, पण नुसता झणझणीत रस्सा म्हणजे सावजी नव्हे. गावात कोष्टीपुरा असेल तर तेथील माणसांनाच कोठे खावे ते विचारावे.

आठवडी बाजार एकदाही चुकवू नये. त्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतील माल एका मैदानात येतो आणि पुढच्या आठवड्यात घरोघरी काय शिजणार, हे तेथेच कळते. पालेभाजी विकणाऱ्या बाईंकडे ओळखीची नसलेली भाजी दिसली तर जुडी घेऊन “मावशी, ही करायची कशी?” असे विचारावे. पाच रुपयांच्या भाजीबरोबर पूर्ण कृती मिळते, आणि ती कृती त्याच मातीतली असते. मसाले घेतानाही बाजारातच चौकशी करावी. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या पट्ट्यात राहणाऱ्याने पाकिटातले तिखट-हळद वापरावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

विदर्भ एकसारखा नाही, हेही ध्यानात ठेवावे. पश्चिमेकडील वऱ्हाडात ज्वारी, तूर आणि कापसाची काळी जमीन आहे. तेथे भाकर, झुणका, ठेचा आणि तुरीचे पदार्थ शोधावेत. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग धानाचा आहे. तेथे भाताचे प्रकार, जुन्या मालगुजारी तलावांतील मासे व झिंगे आणि शिंगाडे मिळतात. गडचिरोलीत ज्वारीच्या भाकरीचा आणि अकोल्यात तलावातल्या झिंग्यांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

महिन्यांचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला तरोट्याची कोवळी भाजी येते आणि जंगलालगतच्या गावांत वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, विकायला बसतात. भाद्रपदात वऱ्हाडातील अनेक घरी महालक्ष्मीचे जेवण असते. ज्वारीची आंबील, पुरणपोळी आणि सोळा भाज्यांच्या त्या पंगतीचे आमंत्रण आले तर इतर कामे बाजूला ठेवावीत. हिवाळ्यात हुरडा आणि तुरीचे ओले दाणे, म्हणजे सोले, येतात. सोलेभात आणि सोल्यांची भाजी जेमतेम काही आठवडे मिळते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत डबा देणाऱ्या काकूंना याची आठवण आपणच करून द्यावी. उन्हाळ्यात अंगणाअंगणात कुरड्या घातल्या जातात. त्यासाठी शिजवलेला गव्हाचा गरम चीक शेजाऱ्यांना वाटीभर देण्याची पद्धत आहे आणि तो कोणत्याही दुकानात मिळत नाही. शेजाऱ्यांशी बोलणे ठेवलेल्यालाच तो मिळतो.

महाप्रसादाचा मार्ग नवख्यासाठी सर्वांत सोपा आहे, कारण तेथे आमंत्रणाची गरज नसते. गजानन महाराज शेगावात 23 फेब्रुवारी 1878 रोजी प्रकट झाले, असे मानले जाते आणि त्यांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीला गावोगावी साजरा होतो. त्या दिवशी झुणका, भाकर आणि अंबाडीची भाजी पंगतीत वाढली जाते. पंगतीत बसावे, पानात टाकू नये आणि जमल्यास एखादी पंगत वाढायला उभे राहावे. वाढणाऱ्याची गावातल्या स्वयंपाक्यांशी ओळख होते आणि त्या ओळखीतून पुढची कितीतरी घरे कळतात.

घरी जेवताना पैसे आणि पाहुणचार यांची गल्लत होऊ देऊ नये. सांगून केलेल्या जेवणाचे ठरलेले पैसे लगेच द्यावेत आणि सुटे जवळ ठेवावेत, कारण मोबाइलला रेंज नसली की ऑनलाइन व्यवहार अडतो. आपणहून जेवायला बोलावलेल्या घरी मात्र पैसे काढणे हा अपमान समजला जातो. तेथे जाताना मुलांसाठी खाऊ किंवा हंगामात संत्री न्यावीत. चुलीचा किंवा माणसांचा फोटो काढण्याआधी विचारावे. आणि कोणी घरून भाजीचा डबा भरून पाठवला तर तो घासून, त्यात आपल्याकडचे काहीतरी घालून, दोन दिवसांच्या आत परत द्यावा.