फोन वाटले, बोलणं राहिलं: कर्णबधिरांच्या फोन-सेवेसाठी पैसे मागताना या चुका टाळा

सिलिंडरवाला पत्ता सापडत नाही म्हणून चार वेळा फोन करतो. घरात नवरा-बायको दोघंही कर्णबधिर. फोन टेबलावर थरथरतो, दोघं बघत बसतात. 'फोन उचलत नाहीत' असा शेरा मारून सिलिंडर परत जातो. अशा घरांसाठी सोलापुरात आम्ही काही जण एक छोटं काम करतो. कर्णबधिर माणूस आम्हाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून खुणांनी सांगतो. आमच्यातला ऐकणारा दुसऱ्या फोनवरून एजन्सीशी, दवाखान्याशी बोलतो आणि आलेलं उत्तर पुन्हा खुणांनी पोचवतो. बाहेर याला रिले सेवा म्हणतात, आम्ही नुसतं 'फोन लावून देणं' म्हणतो.

हे काम चालवायचं तर पैसे लागतात, आणि ते मागताना आम्ही बऱ्याच चुका केल्या. इतर तालुक्यांतून आता विचारणा होते, म्हणून लिहून ठेवतोय.

वस्तू मागितली, सेवा विसरलो

आमचा पहिला प्रस्ताव दहा टॅबचा होता. टॅब आले, हार घालून फोटो निघाले, पेपरात बातमी आली. तीन महिन्यांनी निम्मे टॅब रिचार्जविना बंद होते आणि उरलेल्यांवर पोरं गेम खेळत होती. चूक आमचीच. टॅबवरून कॉल करायचा तर पलीकडे कुणीतरी बसलेलं हवं, आणि त्या माणसाच्या पगाराची ओळच आम्ही अंदाजपत्रकात लिहिली नव्हती.

ही चूक सगळ्यांत जास्त होते, कारण वस्तू देणं देणाऱ्याला सोपं जातं. दरपत्रकं मागवा, खरेदी करा, वाटप करा, फाईल बंद. माणसाचा वेळ मात्र दर महिन्याला विकत घ्यावा लागतो. म्हणून अंदाजपत्रकात आवर्ती खर्च आधी आणि ठळक लिहा: दुभाषकाचं मानधन, दोन सिमचा रिचार्ज, इंटरनेट, जागेचं वीजबिल. यंत्रसामग्री शेवटी.

मानधनापुढे 'स्वयंसेवक, निःशुल्क' असं कौतुकानं लिहू नका. आम्ही लिहिलं होतं. पुढच्या वर्षी मानधन मागितलं तेव्हा साहेबांनी जुनी फाईल काढून विचारलं, "गेल्या वर्षी फुकट होत होतं ना?" उत्तर नव्हतं.

आकडा काढताना अंदाजपंचे करू नका. समजा रोज ३० कॉल, सरासरी ८ मिनिटांचे. नुसतं बोलणं २४० मिनिटं, म्हणजे चार तास. त्यात कस्टमर केअरची 'कृपया प्रतीक्षा करा'वाली गाणी आणि कॉल नोंदवण्याचा वेळ धरा. सलग खुणा करून हात आणि डोकं दोन्ही थकतात, तेव्हा एका माणसावर दिवस निघत नाही. दोन माणसं का लागतात, हे मिनिटांच्या हिशेबातून दाखवलं की समोरचा वाद घालत नाही.

'अमेरिकेत होतं, मग इथेही द्या'

एका सभेत मी जोशात अमेरिकेचं उदाहरण दिलं आणि पुढचा प्रश्न आल्यावर गप्प बसलो. उदाहरण द्यायचंच तर नीट द्या. तिथे १९९० च्या अपंगविषयक कायद्यानं टेलिफोन कंपन्यांवर रिले सेवेची जबाबदारी टाकली आणि जुलै १९९३ पर्यंत ती देशभर सुरू करायला लावली. खर्च त्या कंपन्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या सामायिक निधीतून भागतो. वापरणाऱ्याला साध्या कॉलपेक्षा जास्त दर लावता येत नाही. सेवा देणाऱ्याला पैसे मिनिटांवर मिळतात.

यातली शेवटची गोष्ट सांगायला लोक विसरतात. मिनिटांवर पैसे म्हटल्यावर खोटी मिनिटंही आली. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हिडिओ रिलेच्या बनावट कॉलप्रकरणी तिथे २६ जणांवर आरोप ठेवले गेले. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून वही आहे: तारीख, वेळ, कुठल्या प्रकारच्या ठिकाणी कॉल, किती मिनिटं, काम झालं की नाही. काय बोलणं झालं ते लिहीत नाही, ते आपलं नव्हे.

आपल्याकडेही टेलिफोन कंपन्यांकडून पैसा गोळा होतोच. समायोजित महसुलाच्या ५ टक्के सार्वत्रिक सेवेसाठी कापले जातात. पूर्वीचा युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणजेच आताचा 'डिजिटल भारत निधी', २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली आलेला. त्याच्या २०२४ च्या नियमांत दिव्यांगांसाठीच्या सेवेचाही उल्लेख आहे. पण आपल्या मंडळाचा अर्ज टाकायची ती खिडकी नव्हे. मोठ्या प्रकल्पांचा तो पैसा. मागणी जरूर करा, पण येत्या महिन्याचा रिचार्ज त्यावर अवलंबून ठेवू नका.

चुकीचं दार

मग जवळची दारं कोणती? महापालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत, प्रत्येकानं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. शहरातल्या लोकांसाठी झेडपीत आणि दक्षिण सोलापुरातल्या गावासाठी महापालिकेत अर्ज नेऊन आम्ही दोन्हीकडून परत आलोय. लाभार्थी राहतो कुठे, ते आधी बघा. यादीत दोन्हीकडचे असतील तर दोन प्रस्ताव करा.

कंपन्यांचा सीएसआर हे दुसरं दार. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर लावावी लागते. त्यांना बहुधा फलक लावता येईल अशी वस्तू हवी असते. त्यांच्याकडून यंत्रं घ्या, पालिकेकडून मानधन मागा. उलटं करायला गेलात तर दोन्ही अडकतं.

आणि वेळ. गड्ड्याच्या यात्रेआधी फाईल आत गेली पाहिजे. जानेवारीत संक्रांत आणि यात्रा, फेब्रुवारीत बजेटची घाई, मार्चमध्ये साहेब फोनवरसुद्धा भेटत नाहीत. (आपल्याला निदान फोन लावता तरी येतो.)

शिबिरात मिळालं म्हणून घेतलं

केंद्राच्या एडिप योजनेत श्रवणयंत्रासारखी साधनं मिळतात. ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण, ३०,००० पर्यंत असेल तर निम्मी मदत. पण एकदा साधन घेतलं की त्याच कामासाठी पुढची तीन वर्षं पुन्हा मदत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या एका बाईंनी शिबिरात हाती आलेलं यंत्र घेतलं. ते त्यांच्या कानाला जुळलंच नाही. कानाच्या साच्याचं माप घेतलेलं नव्हतं, सेल कुठे मिळतो ते सांगितलेलं नव्हतं. यंत्र डब्यात पडलं आणि तीन वर्षांचं कुलूपही लागलं. आधी तपासणी, मग यंत्र. सेल आणि कानाचा साचा यांचे पैसे प्रस्तावात वेगळे धरा.

कागदाचा गोंधळ याच टप्प्यावर होतो. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, पोर्टलवरूनच निघतं, त्यामुळे जुना हातानं लिहिलेला दाखला जोडून अर्ज परत येऊ देऊ नका. आधारवर 'लक्ष्मीबाई' आणि यूडीआयडी कार्डावर 'लक्ष्मी' असेल तर ते प्रस्तावाआधी दुरुस्त करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी म्हणजे बधिर, ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारे. प्रस्तावात सगळ्यांना सरसकट 'मूकबधिर' लिहिणं कायद्यालाही धरून नाही आणि त्या माणसांनाही आवडत नाही.

सगळ्यांना एकच औषध

"मेसेज करा की, फोन कशाला?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. लहानपणापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांसाठी खुणांची भाषा हीच पहिली भाषा असते. लिहिलेलं मराठी त्यांना परकं वाटतं, विभक्ती-प्रत्ययांत ते अडकतात. त्यांना दुभाषक लागतो. उतारवयात ऐकू येणं कमी झालेल्या आजोबांना मात्र खुणा येत नाहीत, त्यांना अक्षरं दिसली की पुरतं. बोलणं अक्षरांत दाखवणारं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीत चालतं. पण ज्या फोनवर कॉल चालू आहे त्याच फोनवर ते सहसा ऐकत नाही. कॉल स्पीकरवर ठेवा आणि ॲप शेजारच्या दुसऱ्या फोनवर उघडा. म्हणजे या लोकांसाठी बजेटमध्ये दुसरा हँडसेट लागतो, दुभाषक नाही. कानामागचं यंत्र वापरणारे फोन कानाच्या भोकाशी धरतात आणि 'शिट्टी वाजते' म्हणतात. यंत्राचा माईक कानाच्या मागे वरच्या बाजूला असतो, फोन तिथे धरायचा. शिकवायला पाच मिनिटं लागतात, पैसे शून्य.

सोलापुरातली आणखी एक गंमत. पलीकडे बोलणारी आई तेलुगू बोलते, आजोळ अक्कलकोटकडचं असेल तर कन्नड. दुभाषक निवडताना फक्त 'मराठी उत्तम' बघून आम्ही फसलो. आता तेलुगू येणारी एक मुलगी आहे आणि पूर्व भागातले कॉल तिच्याकडेच जातात.

बँक, ओटीपी आणि ११२

बँक म्हणते, खातेदाराशीच बोलू. बरोबरच आहे. उपाय म्हणजे आधी शाखेत खातेदारासोबत जाऊन रिलेबद्दल लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि कॉलच्या सुरुवातीलाच 'मी दुभाषक बोलतोय' असं सांगा. खातेदार असल्याची बतावणी कधीही करू नका, वेळ वाचत असला तरी. ओटीपी दुभाषकाला सांगायचा नाही, ज्याचा त्यानंच टाकायचा. सिम भावाच्या नावावर असेल तर ओटीपी भावाकडे जातो आणि भाऊ पुण्याला असतो. नोंदणीच्या दिवशीच सिम कुणाच्या नावावर आहे ते विचारा.

आमची सेवा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. रात्री छातीत दुखायला लागलं तर? प्रस्तावात '२४ तास' असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो. लिहू नका, जमणार नाही. त्याऐवजी प्रत्येकाच्या फोनवर '११२ इंडिया' ॲप घालून द्या. बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ दाबलं की आपत्कालीन सूचना जाते आणि साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. कुठल्या फोनवर काय चालतं ते बसवून देतानाच बघा आणि घरच्यांनाही दाखवा, नाहीतर फोन खिशात दाबला जाऊन पोलीस दारात येतात. आमच्याकडे एकदा आले होते. चहा पाजून परत पाठवावं लागलं.

फाईल देण्याआधी

यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, वर्षाअखेरीला जुळवत बसू नका. वहीतली मिनिटं दर महिन्याला एका पानावर उतरवून त्यावर एका कर्णबधिर सभासदाची सही घ्या. आमच्या समितीत पहिली दोन वर्षं सगळे ऐकणारेच होते. तिसऱ्या वर्षी एका यंत्रमाग कामगाराला घेतलं. त्यानं आमचा नवा प्रस्ताव वाचला आणि खुणेनं एकच विचारलं: दुभाषक दुपारी जेवायला जातो तेव्हा कॉल कोण घेणार? ते आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. फाईल परत घरी आणली.