पंडितांची कोरीव छापचित्रे पाहताना या चुका टाळा

सोळाव्या शतकातील छापचित्रांतून युरोपातील धर्मसुधारणेचा, म्हणजे कॅथलिक चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीचा, इतिहास समजून घेताना पहिली चूक होते ती चेहऱ्यालाच पुरावा मानण्याची. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने 1526 मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले डच पंडित इरॅस्मसचे चित्र ‘समोर पाहून रेखाटले’ असे त्यावरील लॅटिन लेख सांगतो. परंतु ड्यूररने त्याला समोर बसवून रेखाटले होते ते 1520 मध्ये, आणि चित्रात साम्य उतरले नसल्यास नवल नाही, कारण मी पूर्वीचा राहिलेलो नाही, अशा आशयाचे स्वतः इरॅस्मसनेच लिहिले आहे.

याहून मोठे नुकसान होते ते कोरलेली अक्षरे सजावट समजून सोडून दिल्याने. त्याच लेखात पुढे एक ग्रीक ओळ आहे: याहून चांगले चित्र त्याचे ग्रंथ दाखवतील. 1516 मध्ये ग्रीक नवा करार (बायबलचा उत्तरार्ध) छापून प्रसिद्ध करणाऱ्या माणसाच्या चित्रावर ती ग्रीकमध्येच असावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ड्यूररने त्याच वर्षी कोरलेल्या ल्यूथरचा सहकारी पंडित फिलिप मेलांख्थॉनच्या चित्राखालीही, हाताला फिलिपचा चेहरा रेखाटता आला, मन मात्र नाही, असे म्हटले आहे. चर्चमधील प्रतिमा हटवाव्यात की नाही, यावर जर्मनीत तीव्र वाद चालू असताना ही चित्रे स्वतःच पाहणाऱ्याला ग्रंथाकडे पाठवतात. अक्षरे वगळली की नेमका हाच धागा हातून सुटतो.

तिसरी चूक म्हणजे चित्राची आवृत्ती न तपासणे. जर्मन चित्रकार लुकास क्रानाखने 1520 मध्ये धर्मसुधारणेचा प्रवर्तक, तेव्हा संन्यासी असलेल्या मार्टिन ल्यूथरची दोन चित्रे कोरली. एकात कोऱ्या पार्श्वभूमीवर कठोर, हाडे उठून दिसणारा चेहरा आहे, तर दुसऱ्यात कोनाड्यासमोर पुस्तक हाती घेतलेला सौम्य उपदेशक. दुसऱ्याच्या आधारे चित्रकार हान्स बाल्डुंगने 1521 मध्ये लाकडी ठशावर ल्यूथरभोवती तेजोवलय आणि माथ्यावर कबुतर, म्हणजे पवित्र आत्म्याचे चिन्ह, दाखवले. तेव्हा ‘ल्यूथरचे चित्र’ एवढेच म्हणून भागत नाही. कोणते आणि कोणत्या वर्षीचे, हे सांगावेच लागते.

1493 च्या न्यूरेंबर्ग इतिवृत्तात, म्हणजे जगाच्या सचित्र इतिहासग्रंथात, सुमारे 645 लाकडी ठशांतून 1809 चित्रे छापली गेली, त्यामुळे एकच चेहरा अनेक नावांखाली येतो. तेथे साम्य शोधू नये. उलट, धर्मसुधारक थिओडोर बेझाच्या 1580 च्या जिनिव्हातील चित्रसंग्रहात, ज्यांचे अस्सल चित्र मिळाले नाही त्यांच्या नावाची चौकट रिकामीच ठेवलेली आहे. तिला छपाईतील दोष समजू नये.