परसदारी सौरदिवे लावताना

कोकणात देवरुखजवळच्या आमच्या घरी न्हाणीघर मागच्या दारापासून पंचवीस पावलांवर आहे, वाटेत चिऱ्याच्या तीन पायऱ्या. रात्री लाइट गेली की सासूबाईंचा जीव त्या पायऱ्यांवर अडकायचा, आणि माझाही. फुरसं हा विषारी साप चिऱ्याच्या रंगात असा मिसळून जातो की पाय पडेपर्यंत कळत नाही. म्हणून सौरदिव्यांचा विचार करताना मी बाग सुंदर दिसावी हे बाजूला ठेवलं आणि रात्री पाय कुठे कुठे पडतो तेवढं कागदावर काढलं. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. आमचे पाच दिवे ठरले: पायऱ्यांशी दोन, न्हाणीघर, विहिरीचा कठडा आणि तुळस.

त्याआधी मी जमिनीत खोचायचे तयार दिवे आणले होते. आंब्याखाली लावले. श्रावणापर्यंत सगळे विझले. एक उघडला तर आत पेन्सिल सेलएवढी बॅटरी, तिच्या टोकाला हिरवा कीट, आणि वरचं पॅनेल काडेपेटीएवढंही नाही. सावलीत ते काय चार्ज होणार? झाडं असलेल्या परसात दिवा एकीकडे आणि पॅनेल दुसरीकडे, हेच बरं.

पॅनेलची जागा ठरवायला एक सुट्टीचा दिवस द्या. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावलीची कड चुन्याने आखा. हे डिसेंबरात केलंत तर उत्तम, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि १० मीटर उंच झाडाची सावली भर दुपारीही उत्तरेला साधारण साडेआठ मीटर पडते. पॅनेलच्या दक्षिणेला झाड नको. माडाखाली तर मुळीच नको, एक नारळ पडला की काच गेली. आमचं पॅनेल गोठ्याच्या पत्र्यावर आहे, तोंड दक्षिणेला, उतार १७ अंशांच्या आसपास.

हिशोब सोपा आहे. ३ वॅटचे ५ दिवे म्हणजे १५ वॅट. संध्याकाळी सातपासून रात्री एकपर्यंत सहा तास, म्हणजे रोज ९० वॅट-तास. दोन दिवस ऊन नाही असं धरलं तर १८० लागतात. म्हणून १२ व्होल्टची, २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. तिच्यात साधारण २५० वॅट-तास मावतात. पॅनेल ५० वॅटचं. चार तास चांगलं ऊन मिळालं, तर घट वजा जाऊनही दिवसाची गरज भागते. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज आटोक्यात ठेवणारा डबा, घेताना त्यात लिथियमचं सेटिंग आहे ना ते विचारा, आणि बॅटरीजवळ फ्यूज घालाच.

आषाढात मात्र हा हिशोब टिकत नाही. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. त्यासाठी मी दोन वेगळ्या लाइनी ओढल्या: पायऱ्या आणि न्हाणीघर एकीवर, विहीर आणि तुळस दुसरीवर. पावसाळ्यात दुसरी बंद. वायर तांब्याची, अडीच स्क्वेअर एमएमची, पाइपातून न्या. बारीक वायर लांब नेली की शेवटचा दिवा मंद होतो. दिवे आयपी ६५ चे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, इथल्या दमट हवेत साधे गंजतात.

दिवा गुडघ्याएवढ्या उंचीवर, तोंड खाली, उजेड पिवळा. पांढऱ्या उजेडाला किडे जास्त येतात, किड्यांमागे बेडूक, बेडकांमागे साप. म्हणून दाराच्या अगदी तोंडाशीही दिवा लावू नका, चार पावलं लांब ठेवा. आणि दिवे असले तरी हातात टॉर्च हवीच.

पॅनेल महिन्यातून एकदा सकाळी, तापायच्या आत, ओल्या फडक्याने पुसते. मे संपताना विहिरीपलीकडच्या ऐनाच्या झाडावर काजवे येतात. उजेडात त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. ते आहेत तोवर विहिरीची लाइन मी बंदच ठेवते.