झऱ्याचं पाणी की फिल्टरचं? बाटली, जार आणि घरचं पाणी कसं पारखायचं

वाईहून महाबळेश्वरला जाताना घाट चढायच्या आधी पाण्याची बाटली घेतली जातेच. दुकानात बऱ्याचदा दोन तऱ्हेच्या बाटल्या शेजारी शेजारी असतात. दोन्हींवर डोंगर आणि निळं आकाश, पण एकीची किंमत दुसरीच्या दुप्पट-तिप्पट. महाग ती चांगली असं समजून घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी, लहान मुलांसाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात. ते पैसे कशाचे जातात हे त्यांना कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मुळातला फरक सोपा आहे. झऱ्याचं पाणी जमिनीच्या पोटातून आपसूक वर येतं आणि वाटेत खडकातून जे क्षार विरघळले असतील ते त्यात तसेच राहतात. शुद्ध केलेलं पाणी नदीचं, बोअरचं किंवा नगरपालिकेच्या नळाचंही असू शकतं. ते गाळून, आरओच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून काढून, ओझोन किंवा अतिनील किरण (यूव्ही) वापरून जंतुमुक्त करतात आणि मग भरतात.

पायरी १ : बाटली फिरवा, प्रकार वाचा

पुढचं चित्र सोडून द्या. मागच्या बारीक अक्षरांत दोनपैकी एक नाव सापडेल. ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असेल तर ते प्रक्रिया केलेलं पाणी, त्याचं भारतीय मानक आयएस १४५४३. ‘नॅचरल मिनरल वॉटर’ असेल तर मानक आयएस १३४२८. हे पाणी भूगर्भातल्या ठरावीक स्रोतातून घेऊन स्रोताजवळच भरायचं असतं आणि त्यातल्या क्षारांचं मूळ प्रमाण बदलेल अशी प्रक्रिया त्यावर करता येत नाही. दुकानात आपण सरसकट ‘मिनरल वॉटर’ मागतो, पण हातात येते ती बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची बाटली.

‘स्प्रिंग’ हा शब्द मोठ्या अक्षरात दिसला, तरी खाली या दोनपैकी काय छापलंय ते शोधा. अमेरिकेत स्प्रिंग वॉटर आणि प्युरिफाइड वॉटर अशा वेगवेगळ्या व्याख्या तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ठरवून दिल्या आहेत. तिकडचे लेख वाचून इकडची बाटली जोखायला गेलं की गोंधळ होतो तो यामुळेच.

पायरी २ : परवाना, तारीख, सील

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक हवाच. बाटलीबंद पाण्यावर आयएसआय शिक्क्याची सक्ती होती, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली गेली. त्यानंतर एफएसएसएआयने हे पाणी जास्त जोखमीच्या खाद्यपदार्थांच्या गटात घातलं. शिक्का असेल तर चांगलंच, पण नुसता शिक्का नाही म्हणून बाटली खोटी ठरत नाही. भरल्याची तारीख बघा आणि झाकणाची कडी तुटताना हाताला जाणवते का तेही बघा. एसटी स्टँडवर उन्हात रचलेल्या खोक्यातली बाटली घेऊ नका, सावलीतली मागून घ्या.

पायरी ३ : टीडीएसचा आकडा समजून घ्या

टीडीएस म्हणजे एक लिटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंतचा आकडा योग्य धरलाय. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

झऱ्याचं पाणी म्हणजे खनिजांनी भरलेलं, अशी समजूत सगळीकडे आहे. आपल्या भागात नेमकं उलटं दिसतं. महाबळेश्वर, पाचगणी, कास या पठारांवर वर जांभ्याचा थर आणि खाली काळा कातळ. पावसाचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपतं, कातळाला अडतं आणि त्या सांध्यातून झरा फुटतो. धुऊन निघालेल्या जांभ्यात विरघळण्याजोगे क्षार फारसे उरलेले नसतात, म्हणून हे पाणी हलकं असतं. याउलट जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या कितीतरी बोअरचं पाणी जड. त्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या बुडाला पांढरा पापुद्रा धरतो. नखाने खरवडला तर खडूसारखी भुकटी हाताला लागते. खनिजंच हवी असतील, तर ती डोंगरावरच्या झऱ्यापेक्षा या बोअरमध्ये जास्त आहेत!

मग शुद्ध केलेल्या पाण्यात सत्त्व राहत नाही, या बोलण्याचं काय? आरओने कॅल्शियम, मॅग्नेशियम कमी होतं हे खरं. पण मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि लिटरभर मिनरल वॉटरमधून त्यातलं थोडंसंच मिळतं. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त असतं. जावळी-महाबळेश्वरची नाचणी आपल्या दारात पिकते. कॅल्शियमसाठी महाग बाटली घेण्यापेक्षा भाकरी खा, असं मी तरी स्पष्ट सांगेन.

टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो, पण तो फक्त क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. मीटरवर ६० आकडा दाखवणारं झऱ्याचं पाणी जुलाब लावू शकतं.

पायरी ४ : वाटेवरचा झरा दिसला तर

बाटलीतलं मिनरल वॉटर आणि रस्त्याकडेला पाइप लावून सोडलेला झरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर वस्ती आहे का, गुरं चरतात का, शौचालयाचा खड्डा आहे का, हे खालून कळत नाही. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात वरची घाणही लवकर खाली उतरते. पाणी कितीही गार आणि नितळ असलं, तरी फडक्याने गाळा आणि खळखळ उकळी आल्यावर एक मिनिटभर उकळत ठेवा. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, तिथेही एवढं पुरतं.

पायरी ५ : जार आणि एटीएमचं पाणी

सांगली-मिरजेत लग्नापासून दुकानापर्यंत सगळीकडे गार पाण्याचे जार, आणि गावोगावी नाणं टाकून हंडा भरायची सोय. हे आरओचं पाणी, म्हणजे शुद्ध केलेल्याच जातीचं. सील नसलेला जार मात्र बाटलीबंद पाण्याच्या मानकाखाली येत नाही. म्हणून प्लांटवाल्याला सरळ विचारा : मूळ पाणी कुठलं, पडदे कधी बदलले, पाण्याचा तपासणी अहवाल आहे का, जार कशाने धुता? जार रिकामा झाला की आत बॅटरी मारा. तळाला हिरवट किंवा बुळबुळीत थर दिसला तर त्याच्याकडून पुन्हा जार घेऊ नका. पाणी गार आहे म्हणजे स्वच्छ आहे असं होत नाही.

पायरी ६ : घरी काय करायचं ते ठरवा

सातारा शहराच्या ज्या भागात कासचं पाणी येतं, तिथे पाणी मुळात हलकं, त्याला आरओची गरज मला दिसत नाही. गाळणं आणि उकळणं किंवा यूव्ही पुरे. बोअरचं पाणी जड असेल तर आरओ कामाचा. त्यातून वाया जाणारं खारं पाणी भांडी-फरशीला वापरा, झाडांना घालू नका.

उसाच्या पट्ट्यात बोअर असेल, तर नायट्रेट तपासून घ्या. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याला रंग नाही, वास नाही आणि उकळून ते जात नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळांना त्याचा धोका सगळ्यात जास्त, म्हणून वरच्या दुधासाठी असं पाणी मुळीच वापरू नका.

तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, ग्रामपंचायतीकडेही चौकशी करा. क्षारांच्या तपासणीला स्वच्छ प्लास्टिकचा डबा त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, तोंडाला आतून बोट लावू नका आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर तपासलं, तर दोन्ही अहवाल शेजारी ठेवून आरओ घ्यायचा की नुसतं उकळायचं हे ठरवता येईल.