अवघड वर्षाच्या शेवटी ठरवलेल्या गोष्टींचा हिशेब कसा मांडावा

सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सिंदफणा आणि गोदावरीच्या काठचं सोयाबीन पाण्यात गेलं, कित्येकांच्या रानातली माती खरडून गेली. अशा वर्षाच्या शेवटी 'यंदा काय साधलं?' हा प्रश्न नकोसा वाटतो. पण तो टाळला की 'काहीच जमलं नाही' हे एकच वाक्य मनात घर करून बसतं. माझ्या मते ते बहुतेक वेळा खोटं असतं, आणि कागदावर मांडल्याशिवाय त्याचं खोटेपण कळत नाही.

वेळ ठरवा. ३१ डिसेंबरची रात्र या कामाची नाही. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, याच सुमारास येते. शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील असं सगळं असतं आणि बाहेरगावी गेलेली पोरंही त्या दिवशी घरी येतात. जेवणं उरकल्यावर तासभर काढा. येळवस नसलेल्या भागात तूर काढणीच्या आधीची एखादी निवांत दुपार धरा.

आधी वर्ष आठवा, ते सणांच्या हिशेबानं. पाडवा, मृग, पोळा, दसरा, दिवाळी. प्रत्येकाखाली दोन ओळी पुरेत. पासबुक आणि किराण्याची उधारीची वही शेजारी ठेवा, म्हणजे आठवणीवर सगळा भार पडत नाही.

मग वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेलं एकेक लिहा. बोअर घ्यायचं, सोसायटीचं कर्ज फेडायचं, पोरीला अकरावीला लातूरला ठेवायचं, जे असेल ते. प्रत्येकापुढं चारपैकी एक शेरा मारा: झालं, पावसानं नेलं, माझ्याकडून राहिलं, आता नकोच.

इथं घाई करू नका. दुसरा आणि तिसरा शेरा एकमेकांत मिसळला की सगळा हिशेब चुकतो. काही जण सगळंच आभाळावर ढकलतात, काही जण आभाळाचं पापही स्वतःच्या माथी घेतात. आपल्याकडं दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त, आणि काळजी त्यांचीच वाटते. म्हणून एकेक गोष्ट फोडून बघा. 'सोयाबीन एकरी दहा क्विंटल' हे ठरवलं होतं. पीक पाण्यात गेलं, हा भाग पावसाचा. मोबाईलवर ई-पीक पाहणी, म्हणजे रानात कोणतं पीक आहे याची सरकारी नोंद, करायची राहिली असेल, तर तेवढाच भाग आपला. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरानंही असंच करावं: परीक्षेची तारीख पुढं गेली ते हाताबाहेरचं, सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या नाहीत ते हातातलं.

'आता नकोच' लिहायला लाजू नका. भावकीत कुणी ट्रॅक्टर घेतला म्हणून आपणही घ्यायचा ठरवला होता, आज गरज वाटत नाही, तर खोडून टाका.

यादीत नव्हतं पण केलं, तेही लिहा. पुराच्या रात्री गुरं सोडून उंचावर नेली. म्हाताऱ्या आईचं ऑपरेशन निभावून नेलं. घरातल्या बाईनं एवढ्या ओढीतही बचत गटाचा हप्ता चुकवला नाही. हे रकाने घरच्यांना विचारूनच भरा, कारण आपण केलेलं आपल्याला आठवत नाही, त्यांना आठवतं. अवघड वर्षातलं खरं काम बहुधा याच पानावर सापडतं.

लिहिताना जीव घाबरा झाला, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर वही मिटा आणि घरच्या माणसाशी बोला. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. शेजारी कुणी गप्प गप्प राहत असेल, तर त्यालाही हा क्रमांक द्या, आणि शक्य असेल तर फोन लावताना त्याच्याजवळ बसा.

शेवटी पुढच्या वर्षासाठी एक किंवा दोनच गोष्टी ठरवा, त्याही पावसावर न अडणाऱ्या. 'उत्पन्न दुप्पट' हे आपल्या हातात नाही. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणं हातात आहे. यंदा भिजलेल्या मालाचं बियाणं धरलं असेल, तर ते करायलाच हवं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठवडाभरानं चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा जास्त असले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा. थोडे कमी भरले तर त्या हिशेबानं बियाणं वाढवा, फारच कमी असले तर वेळेत दुसरं शोधा. हे काम मे महिन्यात करायचं, म्हणून वहीत पुढं 'मे' लिहा आणि कोण करणार त्याचं नावही लिहा. कर्जाचं ठरवलं असेल तर बँकेत जाऊन बोलायचा दिवस ३१ मार्चच्या बराच आधी धरा, ऐन गर्दीत तिथं कुणाला दोन मिनिटं बोलायला सवड नसते.