रहस्यकथा लिहिताय? सांगणारा निवडताना या चुका टाळा

सोलापुरात आमचा लिहिणाऱ्यांचा छोटा गट आहे. रहस्यकथा बऱ्याच येतात. खून बहुतेकांना जमतो, फसतो तो सांगणारा.

परवाचीच कथा घ्या. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात मालकाचा खून. गुप्तहेर स्वतःच ‘मी’. तिसऱ्या पानावर त्याला चादरीच्या घडीत काहीतरी सापडतं आणि तो म्हणतो, ‘माझ्या सगळं लक्षात आलं.’ काय आलं, ते थेट शेवटच्या पानावर! वाचक चिडणारच. गुप्तहेरालाच ‘मी’ करणं भल्याभल्यांना जड जातं. शेरलॉक होम्सच्या 56 लघुकथांपैकी जेमतेम दोन होम्स स्वतः सांगतो, आणि त्यातल्या ‘द ब्लँच्ड सोल्जर’मध्ये एरवी कथा सांगणाऱ्या मित्राची, वॉटसनची उणीव भासते, अशी कबुलीही देतो.

यावरचा तोडगा अमेरिकन लेखक एडगर अॅलन पोने 1841 मध्येच काढला: गुप्तहेर द्युपाँच्या करामती त्याचा बिननावाचा मित्र सांगतो. मित्राला दिसतं सगळं, उलगडत काहीच नाही. म्हणून आम्ही लेखिकेला सुचवलं, कारखान्याला लागून राहणाऱ्या, मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरला बोलू दे.

तिने दिलं, पण त्याला पार बावळट करून टाकलं. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यात असा मित्र वाचकापेक्षा किंचितच कमी हुशार असावा आणि त्याने मनात आलेलं काही लपवू नये, असं आहे. किंचितच! वॉटसन डॉक्टर होता, हे विसरू नका.

खरी गंमत दुवा पेरण्यात. होम्सच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’मध्ये रात्री कुत्रा भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस ओळखीचा, हाच पुरावा. आमच्या जॉबरला आम्ही एक वाक्य दिलं: ‘त्या रात्री कधी नव्हे ती शांत झोप लागली.’ मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेला माणूस हे म्हणतो, म्हणजे माग बंद होते. ते कोणी बंद केले? दुवा लपवायचा नाही, उघड्यावर ठेवायचा आणि लगेच वाचकाच्या पुढ्यात दुसरं काहीतरी वाढायचं. तिने पुढच्याच ओळीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली.

गुन्हेगार शेवटच्या पानावर उपटू नये, हे वेगळं सांगायला नको. तरी दर दोन-तीन कथांमागे एखादा मुंबईचा चुलतभाऊ उगवतोच.

नवा खर्डा आम्ही चौघांनी वाचला. तिघं शेंगाचटणीबद्दलच बोलले.