पश्चात्ताप करायचा तर हिशेबासकट

रविवारच्या उपासनेत सगळ्यांबरोबर पापकबुलीची प्रार्थना म्हटली की आठवड्याचं पाप फिटलं, असा समज आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) मुरलेला आहे. ती प्रार्थना हवीच. पण ती सगळ्यांची मिळून असते, त्यामुळे तिच्यात लपायला जागाही भरपूर. खरं काम घरी करायचं.

एक वही घ्या. बायबलमधलं स्तोत्र 51 सावकाश वाचा, मग लिहायला बसा. ‘मी लोभी आहे’ असं लिहू नका, त्याचं पुढे काही करता येत नाही. काय केलं, कोणाचं नुकसान झालं, किती झालं, ते लिहा. समजा, सोलापुरातल्या एखाद्या बिडी कारखान्यात तुम्ही माल तपासता. बाईनं हजार बिड्या वळून आणल्या. त्यातल्या चांगल्या तीस-चाळीस तुम्ही ‘छाट’ (खराब माल) म्हणून काढल्या, मजुरी कापली आणि माल मात्र ठेवून घेतला. वहीत हेच यायला हवं: कोणत्या बाया, किती महिने, रोज किती, तेव्हाचा दर काय. आकडा नक्की आठवत नसेल तर बाईच्या फायद्याचा धरा.

मग देवापुढे कबुली. ‘वरून दबाव होता’, ‘सगळेच करतात’ ही वाक्यं वहीत आली असतील तर आधी खोडा. 1 योहान 1:9 मधलं क्षमेचं वचन पाप पदरी घेणाऱ्याला आहे, सबबी सांगणाऱ्याला नाही. क्षमा ख्रिस्ताच्या बलिदानामुळे मिळते. पैसे परत करून ती विकत घेता येत नाही. तरी पैसे परत करायचेच, कारण ते आपले नव्हेत.

किती द्यायचे? लेवीय 6:5 मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे. 5000 बुडवले असतील तर 6000. जक्कय नावाच्या जकातदारानं चौपट देऊ केलं (लूक 19:8), पण तो आकडा त्यानं आपणहून काढला. सगळ्यांवर लादू नये. एकरकमी जमत नसेल तर हप्ते बांधा, मात्र पहिला हप्ता कबुलीच्याच दिवशी हातात ठेवा. बाई वारली असेल तर वारसांना द्या. कोणीच सापडलं नाही तरच मंडळीतल्या गरजूंसाठी द्या, तेही नाव न लावता (गणना 5:8 मध्ये जवळचा नातलग नसेल तर रक्कम याजकाकडे जाते). बरेच जण थेट दानपेटी गाठतात, कारण पेटी तोंडावर बोलत नाही.

जायचं ते तिच्या घरी. मजुरीच्या दिवशी चारचौघांत नको. बोलायचं एवढंच: ‘अक्का, तुमच्या चांगल्या बिड्या मी छाट म्हणून काढल्या. ते पैसे तुमचे होते. हे घ्या.’ ‘माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा’ हे वाक्य घरीच ठेवून जा. त्यातला ‘असेल तर’ सगळी कबुली गिळतो. ती चिडली तर ऐकून घ्या. लगेच माफ कर म्हणून मागे लागू नका, आणि तिच्याकडून ‘जाऊ द्या हो’ वदवूनही घेऊ नका.

सगळीच पापं अशी सरळ नसतात. व्यभिचाराची कबुली प्रार्थनासभेत देऊ नये, तिथे दुसऱ्याच्या नावाचीही वाट लागते. आधी पाळकसाहेबांशी एकांतात बोलावं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर मंडळीत ‘मिटवणं’ हा पश्चात्ताप नव्हे. 2012 च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आणि रोज भरपूर पिणाऱ्यानं उपास धरून दारू एकदम तोडू नये. हातपाय थरथरतात, झटके येतात, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरकडे जा, प्रार्थना तिथेही करता येते.

पुन्हा घसरणं बहुधा जुनी वाट तशीच उघडी राहिल्यानं होतं. तपासणीच्या वेळी छाट बाईसमोरच मोजा आणि तिच्या कार्डावर लिहा. याकोब 5:16 प्रमाणे एका भरवशाच्या माणसाला सगळं सांगून ठेवा. पुरुषानं पुरुषाला, बाईनं बाईला. त्यानं दर आठवड्याला ‘कसं चाललंय?’ असं विचारू नये. ‘छाट किती निघाली, हप्ता दिलास का?’ असं विचारावं.